पाठीवरचा टाका

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्याला दोन-तीनच दिवस झाले होते. नाशिकरोडहून सीबीएसकडे, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाकडे, जाणाऱ्या सकाळच्या सिटी बसमध्ये मला कडेची जागा मिळाली आणि पुढच्याच थांब्यावर शाळेच्या पोरांचा लोंढा आत शिरला. "आजी, दप्तर धरता का?" म्हणत नऊ-दहा वर्षांच्या एका मुलानं, उत्तराची वाट न बघता, दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं आणि दांडा धरून माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. दप्तरातून मेथीच्या पराठ्यांची ऊब येत होती. त्याच्या अंगात गडद निळा स्वेटर होता, आणि तो घरी विणलेला होता. हे ओळखायला मला काही करावं लागलं नाही. सुलट ओळी घट्ट आणि उलट ओळी किंचित सैल पडल्या होत्या, त्यामुळे सगळ्या पाठीवर बारीक आडव्या लाटा दिसत होत्या. पुष्कळ बायकांचा हात उलट ओळीला सैल सुटतो. यंत्राचा सुटत नाही.

मग मला ती शिडी दिसली. दोन खांद्यांच्या बरोबर मधे एक टाका तुटला होता आणि तिथून सरळ खाली, एकेक घर सोडत, टाके उतरत गेले होते. दहा-बारा पायऱ्या तरी असतील. द्वारकेच्या चौकात बस वळली, तेव्हा कोवळं ऊन तिरपं आत आलं आणि त्या पायऱ्यांमधून आतला पांढरा शर्ट लख्ख दिसला. मांडीवरच्या दप्तराकडे पाहिलं, तर पट्ट्याच्या बकलात निळ्या लोकरीचा एक तंतू अडकलेला. म्हणजे गुन्हेगार माझ्याच मांडीवर होता. माझ्या बांगडीला सेफ्टी पिन होती, नेहमीच असते. खालचा सुटा टाका पिनेत अडकवला असता, तर निदान शिडी आणखी खाली उतरली नसती. अर्ध्या मिनिटाचं काम. हात पिनेपर्यंत गेलासुद्धा. पण अनोळखी मुलाच्या पाठीला हात कसा लावायचा? त्याला काय सांगायचं? त्याची ताई पुढे मैत्रिणींच्या घोळक्यात होती, तिनं वळून पाहिलं तर काय वाटेल? एवढा विचार करेपर्यंत त्यांचा थांबा आला. त्यानं दप्तर ओढून घेतलं, "थँक्यू आजी" म्हणाला, आणि उड्या मारत उतरताना ते पाठीवर टाकलं. बकल बरोबर त्या टाक्यावर.

दिवसभर ती शिडी डोळ्यांसमोरून हलेना.

आमच्या आईचा एक नियम होता: सुटलेला टाका रात्रभर ठेवायचा नाही. रात्री बारा वाजोत, डोळे मिटत असोत, टाका उचलूनच सुया ठेवायच्या. आमचं लहानपण निफाडला गेलं. वडील साखर कारखान्यात होते. निफाडची थंडी आता वर्तमानपत्रांमुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की पहिल्या पानावर बातमी येते. आम्हाला पारा माहीत नव्हता. आम्हाला एवढंच माहीत होतं, की सकाळी प्रार्थनेला रांगेत उभं राहिलं की तोंडातून वाफ निघते, पाटीवर बोटं चालत नाहीत आणि डब्यात खोबरेल तेल दगडासारखं गोठतं. तेव्हा सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी अंगात स्वेटर हवा. आणि तो तेव्हा अंगात हवा असेल, तर सुयांवर ऑक्टोबरात चढायला हवा.

ऑक्टोबरात लोकर हातात धरणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांनाच कळेल. पाऊस गेलेला, भात नि बाजरी पिकायला आलेली, ऊन असं की पत्र्यावर पाय ठेवता येत नाही, आणि मांडीवर लोकरीचा गुंडा. तळहाताला घाम सुटतो, लोकर बोटाला चिकटते, टाका सुईवरून सरकत नाही. आई शेजारी टाल्कम पावडरचा डबा ठेवायची. दर चार ओळींनी चिमूटभर पावडर तळहातावर चोळायची आणि सुयांनाही लावायची. त्यामुळे नव्या स्वेटरला पहिले काही दिवस पावडरीचा वास यायचा. पहिल्या धुण्यात तो जायचा. आजही कुणाच्या अंगाला तो वास आला की मला आधी ऊन आठवतं, मग थंडी.

गणपती गेले की आई एसटीनं नाशिकला यायची आणि रविवार कारंजाजवळच्या एका दुकानातून लोकर आणायची. तेव्हा लोकर लडीत मिळे. लडीचा गुंडा करायला दोन माणसं लागत: एक गुंडाळणारं, दुसरं दोन्ही हात समोर धरून लडी ताणून बसणारं. ते दुसरं माणूस म्हणजे मी. हात भरून येत, नाकावर माशी बसे, आणि हात खाली आला की आई नुसती भुवई उचलायची. घटस्थापनेला पाठीचे टाके घातले जायचे. दसऱ्यापर्यंत पाठ मुंढ्याला लागायची. कोजागिरीला चांदण्यात सुईत दोरा ओवायचा, म्हणजे डोळे चांगले राहतात, असं सगळेच करत. आमच्याकडे त्या रात्री पुढच्या भागाची बॉर्डर सुरू व्हायची. मग फराळ. फराळाचे आठ दिवस सुया बंद, कारण तुपा-बेसनाचे हात लोकरीला लागले की डाग जात नाहीत. हे आठ दिवस आईच्या जिवाला घोर असायचा. भाऊबीज झाली की बाह्या. शाळा उघडायच्या आदल्या रात्री सगळे भाग लोकरीच्याच धाग्यानं शिवून, गळ्याचे टाके उचलून, शेवटची बॉर्डर. दोन वर्षं असं झालं, की मी पहिल्या दिवशी एकाच बाहीचा स्वेटर नको म्हणून बिनस्वेटरची गेले आणि मधल्या सुट्टीत आईनं उरलेली बाही लावून तो शाळेत आणून दिला.

आठ वर्षांच्या मुलाचा स्वेटर म्हणजे पाठीला ८४ टाके, जाड लोकर असेल तर. बॉर्डर ११ नंबरच्या सुयांवर, एक सुलट एक उलट, दोन इंच. वरचं अंग ९ नंबरवर. सुयांच्या नंबरांचा हिशेब उफराटा आहे, नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. ११ नंबरची सुई ३ मिलिमीटर, ९ नंबरची पावणेचार. मी एकदा वहीवर गुणाकार मांडला होता. पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या मिळून २५ हजारांच्या पुढे टाके जातात. त्यातला एक त्या मुलाच्या पाठीवर तुटला होता.

हे सगळं जमून यायला माप लागतं, आणि मापाचं आमच्याकडे एक नाटकच असायचं. टेप होती, पण आईचा विश्वास तिच्या वितीवर. "पाठ कर," म्हणायची. मग मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत तिची वीत सरपटत यायची, गुदगुल्या होत, आम्ही वळवळत असू, आणि ती "सरळ राहा गं" म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. खांद्यापासून मनगटापर्यंत दोन विती आणि चार बोटं. मागच्या वर्षी दोन विती आणि एकच बोट होतं, हे तिला पाठ असे. आमच्या घरात भिंतीवर उंचीच्या खुणा कधी कुणी केल्या नाहीत. आमची वाढ बाहीवर मोजली जायची. परवा मी भाचीला फोन करून विचारलं, की तुझ्या लेकासाठी स्वेटर घालायला घेते, माप सांग. ती म्हणाली, "मावशी, अठ्ठावीस साइज." बरोबरच सांगितलं तिनं, छातीचं २८ इंच माप नऊ वर्षांच्या मुलाला बसतंही. पण त्याचे हात त्याच्या आजोबांसारखे लांब आहेत, हे त्या आकड्यात कुठे येतं? दुकानातला अठ्ठावीसचा स्वेटर त्याला कायम मनगटावर तोकडा पडतो. भाचीलाही ते दिसतं. "जरा वर खेच बाही, दिसत नाही," असं ती त्याला सांगते.

आणि वाढ झाली म्हणून स्वेटर टाकून द्यायचा नाही. तो उसवायचा. उसवणं हा शब्द शिवणात भांडणासारखा वाटतो, पण विणकामात तो निम्मा संसार आहे. गळ्याचं शेवटचं टोक शोधून काढलं, एक टाका सोडवला, की सबंध स्वेटर सर्रसर्र उलगडत येतो. तो आवाज ओल्या कपड्यावरून नख ओढल्यासारखा असतो. आम्हा भावंडांत ते टोक ओढायला मिळावं म्हणून भांडणं व्हायची. उसवलेली लोकर कुरळी निघते, प्रत्येक टाक्याचं वळण तिच्या अंगात राहिलेलं असतं. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, रिठ्याच्या पाण्यात बुडवायची आणि दांडीवर टांगून खाली पाण्यानं भरलेला तांब्या अडकवायचा. त्या वजनानं वाळता वाळता लोकर सरळ होते. परसात सप्टेंबरच्या उन्हात तांबे लटकलेले दिसले, की कोणाच्या घरी कोणाचा स्वेटर वाढतोय, ते सगळ्या आळीला कळे. जुनी लोकर नव्या मापाला पुरत नसे, म्हणून मधे नव्या रंगाचा पट्टा यायचा. माझ्या भावाच्या निळ्या स्वेटरला दुसरीत एक राखाडी पट्टा आला, तिसरीत त्याच्यावर एक पांढरा, पाचवीत मरून. मुलं त्याला चिडवायची. तो रडत घरी आला, तेव्हा वडिलांनी त्याला जवळ घेऊन प्रत्येक पट्टा कोणत्या वर्षाचा ते विचारलं. त्यानं न चुकता सांगितलं. तो स्वेटर पुढे माझ्या धाकट्या बहिणीकडे गेला, आणि तिच्या वेळी पट्टे सगळे खाली उतरले, कारण आईनं लोकर उलट्या टोकाकडून वापरायला घेतली होती.

ह्या सगळ्याला आम्ही लोकर म्हणत असू, पण तिच्यातली बहुतेक मेंढीच्या अंगावरची नव्हतीच. लुधियानाहून येणारे ते मऊ, चमकदार गुंडे म्हणजे ॲक्रिलिक. दुकानदार त्याला कॅशमिलॉन म्हणायचा आणि त्या नावाचा रुबाब असा, की मला कितीतरी वर्षं वाटायचं ही काश्मिरातली काहीतरी चीज असणार. मेंढीची खरी लोकर आमच्या घरात एकाच रूपात होती: वडिलांची काळी घोंगडी. दख्खनी मेंढीची ती राठ लोकर, सणगरानं मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली. अंगावर घेतली की टोचायची आणि पाऊस आला की तिच्यातून ओल्या जनावराचा वास उठायचा. पण तिच्यात घुसलं की दोन मिनिटांत हाडं शेकून निघत. स्वेटरला ते कधी साधलं नाही. पुढे एकदा कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जाण्याचा योग आला. ऑक्टोबरचंच ऊन होतं. भंडाऱ्याच्या पिवळ्या धुळीत खारीक-खोबऱ्याबरोबर धनगर लोकर उधळत होते. लोकरीचे पुंजके हवेतून हलके हलके खाली येत होते आणि माणसांच्या घामट खांद्यांवर, फेट्यांवर बसत होते. एक पुंजका मी पदराच्या टोकाला बांधून घरी आणला. माझ्या विणकामाच्या पिशवीत तो अजून आहे. त्याचा धागा करायला मला येत नाही आणि कुणाकडून करून घ्यावा असंही वाटत नाही.

शिवण-विणकाम आईला तिच्या आईकडून आलं. आजी नाशिकला मुलींना शिवण शिकवायची. तिच्या तोंडून मी एकच विणकामाची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, ती १९६२ सालची. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला आणि आठवडाभरात दिवाळी आली. आजी सांगायची, त्या वर्षी फटाक्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रेडिओभोवती माणसं आणि बायकांच्या हातात सुया. बर्फात लढणाऱ्या जवानांना गरम कपडे नाहीत, हे सगळ्यांना कळलं होतं आणि देशभर बायका विणायला बसल्या होत्या. मिलिटरी रंगाची लोकर हातोहात संपायची. शाळा उघडल्यावर वरच्या वर्गातल्या मुलींनी शिवणाच्या तासाला रुमाल-बिमाल बाजूला ठेवून मफलर आणि मोजे घेतले. आजीपुढे अडचण होती ती मापाची. ज्याच्यासाठी विणायचं त्याची पाठ दिसलेली नाही, तर टाके किती घालायचे? तिनं आजोबांना उभं केलं आणि त्यांच्या पाठीवर वीत टाकली. आजोबा किरकोळ अंगाचे, म्हणून चार टाके वाढवले. मग तिला वाटलं, थंडीत आत आणखी कपडे असतील, म्हणून आणखी चार. २१ नोव्हेंबरला युद्ध थांबलं, तेव्हा तिच्या सुईवर दुसऱ्या स्वेटरची बाही होती. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि पुढच्या वर्षी ह्याच नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. आजीनं ती बाही पुरी केली आणि स्वेटर डिसेंबरात पाठवून दिला. "कुणाच्या अंगाला बसला असेल गं?" असं ती म्हातारपणीसुद्धा विचारायची. आम्ही काय सांगणार? पण ती खरोखर उत्तराच्या अपेक्षेनं विचारत असे.

क्रोशाचं जग वेगळं. स्वेटर ही गरज होती, क्रोशा ही हौस. एकच सुई, ती पण पिशवीच्या कोपऱ्यात मावणारी, आणि टाका सुटायची भीती नाही, कारण सुईवर एका वेळी एखाद-दुसराच टाका असतो. साखळी, मुका खांब, खांब. इतक्या तीन शब्दांवर मुलींची अख्खी शाळकरी वर्षं निघायची. रुमालाच्या कडेला लेस, पाण्याच्या बाटलीला जाळी, कंपासपेटीला पाकीट. सध्या हे सगळं परत आलं आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. आमच्या शेजारची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती कॉलेजच्या बॅगेला अडकवायची सूर्यफुलं, बाटलीच्या पिशव्या, पेन्सिलींची पाकिटं करते आणि मैत्रिणींना विकतेही. सगळं व्हिडिओ बघून शिकली. एकदा मी तिला आईच्या ट्रंकेतल्या जुन्या विलायती मासिकातला पाकिटाचा नमुना दिला. तिनं केलेलं पाकीट असं जाळीदार, लांबडं झालं, की पेन्सिली भोकांतून बाहेर. दोघी घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. मासिक ब्रिटिश, तिचे व्हिडिओ अमेरिकन. ब्रिटिशांचा 'डबल क्रोशे' म्हणजे आपला बुटका मुका खांब, आणि अमेरिकनांचा 'डबल क्रोशे' म्हणजे आपला उंच, पुरा खांब. नाव एक, टाके दोन. तिला मी मुका खांब हा शब्द सांगितला तेव्हा ती दोनदा तो पुटपुटली आणि म्हणाली, "काकू, मुका का?" मला सांगता आलं नाही. वर मान काढत नाही म्हणून असेल. तिनं पाकीट उसवून पुन्हा केलं, आणि ह्या वेळी खडूसुद्धा आत राहिले. क्रोशाचं एक मला फार आवडतं: ते यंत्राला जमलेलं नाही. बाजारात दिसणारी क्रोशाची टोपी कुठे ना कुठे कुणाच्या तरी हातांनी केलेली असते.

स्वेटरचं मात्र तसं राहिलं नाही. माझा मुलगा तिसरीत असताना मी त्याला शाळेच्याच रंगाचा, अगदी तोच बाटलीहिरवा, व्ही गळ्याचा स्वेटर केला. सुट्टीनंतर दुसऱ्या दिवशी डायरीत शेरा आला, की गणवेशाचा स्वेटर ठरलेल्या दुकानातूनच घ्यावा. छातीवर शाळेचं बोधचिन्ह हवं. मी बोधचिन्ह भरतकामानं करून देते म्हणाले, ते चाललं नाही. त्या रात्री मी खूप रडले होते, हे आता लिहिताना वाटतं त्याहून अधिक. पण दुसऱ्या बाजूचंही मला कळतं. सगळ्यांचा स्वेटर एकच असला की कुणाला पट्ट्यांवरून चिडवत नाहीत. माझा भाऊ तसा रडत घरी आला नसता. आणि ज्या घरात विणायला कुणी नाही, वेळ नाही, तिथल्या आईला दिवाळीत पोटात गोळा उठत नाही.

तो गोळा आईच्या पोटात उठायचा हे मला फार उशिरा कळलं. ती सत्तरीच्या पुढे होती. डिसेंबरातली दुपार, आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, आणि मी माझ्या नव्या विणीचं कौतुक तिला सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, "मला विणकाम कधीच आवडलं नाही." मी हसले, मला वाटलं थट्टा करते आहे. ती करत नव्हती. "तयार स्वेटर परवडत नव्हते. तीन पोरं. मग काय करणार? सुलट ओळ त्यातल्या त्यात बरी, डोळे मिटूनही होते. उलट ओळ आली की मला कंटाळा यायचा, हात सैल सुटायचा. बघ तुमचे फोटो, सगळ्या स्वेटरांना लाटा आहेत." एवढं बोलून तिनं शेंगांची सालं पदरात घेतली आणि उठली. मी त्या रात्री जुने फोटो काढले. होत्या लाटा. प्रत्येक स्वेटरवर, प्रत्येक वर्षी. धाकटीची शाळा संपली त्या वर्षी आईनं सुया माझ्याकडे दिल्या होत्या, आणि मी तो आशीर्वाद समजून घेतल्या होत्या. तिच्यासाठी ती सुटका होती. मला ह्याचं वाईट वाटावं की बरं वाटावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. जे माझं सगळ्यात लाडकं काम आहे, ते करताना जिच्याजवळ मी बसलेली असे, ती मनातल्या मनात ओळी मोजत होती, संपायला किती राहिल्या त्या.

तेव्हा त्या बसमधल्या मुलाच्या पाठीवरच्या लाटा मला दिसल्या, त्या अशा डोळ्यांनी दिसल्या. कुणीतरी ऑक्टोबरच्या घामात तो निळा स्वेटर केला होता. आवडीनं की नाइलाजानं, मला ठाऊक नाही. लोकर ते सांगत नाही. आणि मी पाच थांबे त्याच्या पाठीमागे बसून राहिले, बांगडीतली पिन चाचपत. आमच्या लहानपणी बाजारात कुठलीही बाई आम्हाला दंडाला धरून थांबवायची, "ये इकडे, टाका सुटलाय," म्हणायची आणि केसातल्या आकड्यानं तो अडकवून द्यायची. तिचं नाव विचारायचं आम्हाला सुचत नसे. आता माणसं परक्या मुलाला हात लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे, त्याची कारणं मलाही माहीत आहेत. माझ्या नातवाला मीच शिकवलं आहे, की अनोळखी माणसाला अंगाला हात लावू द्यायचा नाही.

त्यानंतर पर्समध्ये मी क्रोशाची एक बारीक सुई ठेवू लागले. सुटलेला टाका उचलायला तिच्यासारखं काही नाही: सगळ्यात खालच्या घरात सुई घालायची, वरची पायरी ओढून आणायची, मग तिच्यावरची, मग तिच्यावरची. बारा पायऱ्या म्हणजे दोन थांब्यांचं काम. सोबत निळ्या लोकरीचा वावभर धागा, पोस्टकार्डाच्या तुकड्याला गुंडाळलेला. सकाळची तीच बस मी पाच-सहा वेळा पकडली. तो दिसला नाही.

डिसेंबरच्या मध्यावर दिसला. चांगलीच थंडी पडली होती, खिडक्या बंद, काचांवर पोरांनी बोटांनी नावं लिहिलेली. "आजी, धरता?" म्हणून दप्तर मांडीवर आलं आणि पाठ माझ्याकडे झाली. शिडी नव्हती. कमरेपासून वर मी नजरेनं एकेक पायरी चढत गेले. टाके उचलले होते, घाईत, पण उचलले होते. सातवा की आठवा टाका चुकून उलट बाजूनं ओढला गेला होता आणि मण्यासारखा वर आला होता. अगदी वर, जिथे धागा तुटला होता, तिथे जरा फिक्या निळ्यानं चार टाके घातले होते. तोच रंग मिळाला नसणार. मी मांडीवर बघितलं. दप्तराच्या बकलाभोवती कुणीतरी औषधाची पांढरी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली होती, तीन-चार वेढे, आणि तिच्या कडा आता मळल्या होत्या.

त्यांचा थांबा आला. त्यानं दप्तरासाठी हात मागे केले. मी उठले, ते त्याच्या खांद्यांवर चढवून दिलं आणि डावा पट्टा त्या मण्यावरून जरा बाजूला सरकवला.